तबकडीवरची धूळ : फुंकरीपासून व्हॅक्यूमपर्यंत

सार्वजनिक गणेशोत्सव आणि ग्रामोफोनची रेकॉर्ड यांचे नाते आपल्या वडीलधाऱ्यांनी भरभरून पाहिले. आमच्या पिढीच्या वाट्याला त्याचा फक्त शेवट आला. मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, शेजारी तापलेला ॲम्प्लिफायर, बांबूला बांधलेला कर्णा आणि रेकॉर्ड लावण्याचा मान मिळालेला एखादा मुलगा. हा मुलगा प्रत्येक तबकडी शर्टाच्या बाहीने पुसायचा, तिच्यावर एक जोरदार फुंकर मारायचा आणि मग सुई टेकवायचा. ती बाही आणि ती फुंकर हाच या लेखाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण लखनौतल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत, मग ते रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले असोत की सांगलीकडून येऊन चौकात गलाईचा धंदा उभा केलेले असोत, माळ्यावर किंवा दिवाणात रेकॉर्डची एखादी पेटी असते. वडील गेले, घर बदलले की ती पेटी बाहेर येते. एखादी तबकडी लावून पाहिली जाते, नुसती खरखर ऐकू येते आणि "खराब झाल्या" असे म्हणून सगळी पेटी कबाड्याच्या हातगाडीवर जाते. तिथून ती नक्खासच्या बाजारात किलोच्या भावाने विकली जाते. वास्तविक त्यातल्या कितीतरी तबकड्या खराब झालेल्या नसतात, नुसत्या मळलेल्या असतात. खराब आणि मळके यांतला फरक ओळखता यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. सहकारी मंडळी अधूनमधून विचारतात, "रेकॉर्ड धुवायचे ते व्हॅक्यूमचे मशीन घ्यावे का? कोणते घ्यावे?" त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला थोडा भाग चक्क आपल्या रेल्वेचा आहे!

लखनौ, भातखंडे आणि आवाज

आधी, हे सगळे जपायचे कशासाठी, ते पाहू. मराठी माणसाने लखनौला दिलेली सर्वांत मोठी देणगी कैसरबागेत उभी आहे. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले पं. विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडले, उस्तादांच्या घरी बसले, बंदिशी गोळा केल्या आणि त्या स्वरलिपीत बांधून छापल्या. लखनौच्या संगीत परिषदांनंतर १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज सुरू झाले, ते त्यांच्याच ध्यासातून. १९२८ पासून प्राचार्यपद सांभाळले ते पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी, म्हणजे पुन्हा मुंबईकडच्याच माणसाने. व्हायोलिनवादक पं. व्ही. जी. जोग यांनीही तेथे अध्यापन केले. पुढे या संस्थेला भातखंडे यांचे नाव मिळाले आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांमुळे बंदिशीचे शब्द आणि स्वर वाचले. पण गळा कागदावर उतरत नाही. बालगंधर्वांनी एखादी जागा कशी घेतली, हिराबाई बडोदेकरांचा षड्ज कसा लागायचा, हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिता येत नाही. ते राहिले आहे फक्त तबकडीच्या खाचेत. बेगम अख्तर या लखनौच्याच. त्यांनी या कॉलेजात शिकवलेही, आणि १९७४ साली त्यांच्या निधनानंतर त्यांना याच शहरात पसंदबागेत दफन करण्यात आले. त्यांच्या तरुणपणीचा, 'अख्तरीबाई फैजाबादी' असताना लागलेला आवाज आज आपल्याला ठाऊक आहे, तो तीन-तीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमुळेच. मोठ्या कंपन्यांनी यातले काही पुढे एलपी, कॅसेट, सीडीवर आणले. पण पुष्कळसे आणले नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या अंकांनी या जुन्या तबकड्यांची नोंद ठेवण्याचे फार मोलाचे काम केले. त्या नोंदी चाळल्या की जाणवते, एखाद्या रेकॉर्डची शिल्लक प्रत एखाद्या सामान्य घरातच सापडण्याचा संभव असतो. ती आपल्याच दिवाणात नसेल कशावरून?

लाखेची तबकडी

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाले. फ्रेड गायस्बर्ग हा तंत्रज्ञ त्यासाठी आला होता. गौहरजानचे गाणे मेणावर कोरले गेले, ते साचे जर्मनीत हॅनोव्हरला गेले आणि तबकड्या तयार होऊन बोटीने परत आल्या. गंमत अशी, की या तबकड्यांचा मुख्य चिकट पदार्थ म्हणजे लाख, आणि ती जात होती आपल्याच देशातून! पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे आवरण करतात, त्यातून ती मिळते. छोटा नागपूरचा प्रदेश त्यासाठी प्रसिद्ध होता आणि अजूनही आहे. कच्चा माल इथून तिकडे आणि गाणे तिकडून इथे, असा तो उलटा प्रवास होता. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर तो थांबला.

७८ फेऱ्यांची तबकडी निव्वळ लाखेची नसते. तिच्यात दगडाची बारीक भुकटी मोठ्या प्रमाणात असते, काळ्या रंगासाठी काजळी असते. ही भुकटी मुद्दाम घातलेली असे. त्या काळी सुई पोलादाची असायची आणि आवाजपेटीचा सगळा भार तिच्या टोकावर यायचा. तबकडीतल्या भुकटीने सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराचे व्हावे, ही त्यामागची योजना. म्हणून तर दर बाजूला सुई बदला, असे डबीवर छापलेले असायचे. सुईची ती छोटी पत्र्याची डबी अनेकांना आठवत असेल. या घासण्यातून पोलादाचा आणि दगडाचा कीस निघायचा आणि खाचेत बसायचा. म्हणजे जुन्या तबकडीतली घाण ही फक्त घरातली धूळ नाही. तिच्यात शेकडो वेळा वाजण्याचा कीसही आहे.

इथेच एक महत्त्वाची सूचना सांगून टाकतो. पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल, तर एवढीच लक्षात ठेवा. ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका. सुतार लाकडाला पॉलिश करतो तेव्हा काय करतो? चपडा म्हणजे लाखच स्पिरिटमध्ये विरघळवतो. तीच गोष्ट तबकडीच्या बाबतीत होते. स्पिरिट लागताच खाचेची कड मऊ होऊन विरघळू लागते आणि कापसाबरोबर बंदिशही निघून येते. असे नुकसान कोणत्याही यंत्राने भरून येत नाही.

विनाइल आले आणि धूळ मोठी झाली

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा अडचणीत आला. अमेरिकेत १९४२ साली रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली गेली. सैनिकांना गाणी पाठवायची तर तबकडी न फुटणारी हवी, म्हणून १९४३ पासून 'व्ही-डिस्क'साठी विनाइल वापरले जाऊ लागले. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली. एका बाजूला तीन-चार मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटे. आपल्या ख्यालगायकीला पहिल्यांदाच श्वास घ्यायला जागा मिळाली. पुढे पं. जोग आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची जुगलबंदी आपण घरबसल्या ऐकू शकलो, ती या एलपीमुळेच.

पण एवढा वेळ बसवायचा, तर खाच बारीक करावी लागली. ७८ च्या तबकडीची खाच वरच्या बाजूला साधारण १५० मायक्रॉन रुंद असते. एलपीची ५०-६० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. आम्हां डिप्लोमावाल्यांना आकडेमोडीची सवय, म्हणून थोडा हिशेब मांडतो. वीस मिनिटांत तबकडीचे सुमारे ६६७ फेरे होतात. एका फेऱ्याची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली, तर ती ४०० मीटरहून थोडी अधिक भरते. जुन्या आयसीएफ धाटणीच्या अठरा डब्यांच्या गाडीएवढी! आणि केसाहून अरुंद अशा या रुळावरून हिऱ्याची सुई दीड-दोन ग्रॅम वजनाने धावते. वजन क्षुल्लक वाटते, पण टोकाचा स्पर्श इतक्या लहान जागेवर होतो, की तिथला दाब चौरस सेंटिमीटरला टनाच्या हिशेबात जातो. या रुळावर धुळीचा कण म्हणजे लोहमार्गावर पडलेला दगडच. सुई त्याला धडकते तेव्हा 'टक्' असा आवाज येतो आणि पुष्कळदा तो कण मऊ विनाइलच्या भिंतीत कायमचा रुतून बसतो.

त्यात विनाइलला दुसरी खोड आहे. घासले की त्यात स्थिर वीज साठते आणि ते आजूबाजूची धूळ स्वतःकडे खेचते. मे महिन्यातली लखनौची कोरडी लू आणि संध्याकाळची आंधी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. अशा दिवसांत कोरड्या फडक्याने तबकडी पुसणे म्हणजे धुळीला आमंत्रण देणे. पावसाळ्यात याच्या उलट त्रास. कागदी पाकिटाला दमटपणा धरतो आणि खाचेत बुरशी वाढते. ही बुरशी फुंकरीने जात नाही, उलट फुंकरीबरोबर गेलेला तोंडातला ओलावा तिला पोसतो.

फुंकर की ओढ?

आता रेल्वेची गोष्ट. १९०१ साली लंडनमध्ये रेल्वेचे डबे साफ करण्याच्या एका नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. ते यंत्र दाबाची हवा गाद्यांवर सोडून धूळ उडवायचे. उडालेली धूळ थोडी पेटीत जायची आणि बाकीची पुन्हा गादीवर बसायची. प्रेक्षकांत ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा पूल बांधणारा इंजिनिअर होता. त्याने विचारले, धूळ फुंकून उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही? यंत्रवाला रागावला आणि ते अशक्य आहे म्हणाला. बूथ काही दिवसांनी एका उपाहारगृहात बसला असताना त्याने रुमाल खुर्चीच्या पाठीवर ठेवला, त्याला तोंड लावून हवा आत ओढली. ठसका लागून तो जवळजवळ गुदमरला, पण रुमालाच्या पलीकडच्या बाजूला काळा डाग उमटला होता. त्यातून व्हॅक्यूम क्लीनर जन्माला आला. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच यंत्राने साफ केले. लोकांनी त्या यंत्राला 'पफिंग बिली' हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाचेही हेच नाव होते.

व्हॅक्यूम हा शब्द रेल्वेच्या माणसाला नवा नाही. आता बहुतेक सगळीकडे दाबाच्या हवेचे ब्रेक आले, पण त्याआधी कित्येक पिढ्या आपल्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवरच थांबत होत्या. गाडीभर पसरलेल्या पाइपातून हवा काढून साधारण वीस इंच पाऱ्याइतकी पोकळी ठेवायची. पाइपात बाहेरची हवा शिरू दिली की ब्रेक लागायचे. त्यातला पहिला धडा हा, की पोकळी स्वतः काही ओढत नाही. एका बाजूची हवा काढली की दुसऱ्या बाजूचे वातावरण, चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच्या दाबाने, ढकलते. आणि दुसरा धडा हा, की सगळा खेळ गळतीवर असतो. एका होजपाइपचा वॉशर फाटला तरी गेजचा काटा खाली येतो. रेकॉर्ड धुण्याचे यंत्र निवडताना हेच दोन धडे कामाला येतात.

यंत्राचा जन्म

एलपी आल्यावर धुळीवर पहिला उपाय निघाला तो ब्रशचा. इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स यांनी १९५० च्या दशकात 'डस्ट बग' नावाचा छोटा ब्रश बनवला. तो रेकॉर्ड वाजत असताना सुईच्या पुढे खाच झाडत जायचा. उपाय चांगला होता, पण खोल बसलेला चिकट मळ त्याने निघत नव्हता. 'द ग्रामोफोन' या मासिकाचे तांत्रिक काम पाहणारे पर्सी विल्सन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे, की तबकडी आधी ओली करा, मळ द्रवात सुटू द्या आणि तो द्रव वाळण्याआधी मळासकट व्हॅक्यूमने काढून घ्या. द्रव तसाच वाळला, तर मळ पुन्हा खाचेच्या तळाशीच बसतो, आणि फडक्याने टिपला, तर फडके खाचेच्या तोंडापर्यंतच पोचते. हा विचार घेऊन कीथ मंक्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस यंत्र बाजारात आणले. बीबीसीसारख्या संस्थांनी ते वापरले. त्यात एका बारीक नळीचे तोंड तबकडीवरून सरकत जाते. तोंड आणि तबकडी यांच्यामध्ये एक धागा असतो. धाग्यामुळे नळी घासत नाही आणि धागा सतत पुढे सरकत असल्याने दर वेळी स्वच्छ भाग खाली येतो. किती साधी आणि किती हुशार युक्ती!

१९८० च्या दशकात अमेरिकेत व्हीपीआय आणि निटी ग्रिटी या कंपन्यांनी घरगुती यंत्रे काढली. त्यांत धाग्याऐवजी लांब चीर असलेली नळी असते. चिरेच्या दोन्ही कडांना मखमलीच्या पट्ट्या लावलेल्या असतात आणि दोन-तीन फेऱ्यांतच सगळी बाजू कोरडी होते. पुढे युरोपातून ओकी नोकी, प्रो-जेक्ट अशी नावे त्यात आली. अलीकडे अल्ट्रासॉनिक यंत्रेही मिळतात. त्यांत पाण्यातल्या सूक्ष्म बुडबुड्यांनी मळ सुटतो. ती चांगली आहेत, पण महाग. शिवाय धुतल्यावर पाणी पूर्ण काढण्याचा प्रश्न उरतोच.

निवडताना काय पाहावे

जाहिरातीत सक्शनचा आकडा मोठा करून लिहिलेला असतो. त्याला भुलू नये. नळीची चीर तबकडीवर नीट बसत नसेल, तर मोटर कितीही ताकदीची असो, हवा बाजूने शिरते आणि खाचेतले पाणी खाचेतच राहते. एलपीसाठी चीर साधारण नऊ सेंटिमीटर लागते. तीच नळी दहा इंची ७८ च्या तबकडीवर ठेवली, तर तिचा बाहेरचा भाग उघडा राहतो. तिथूनच सगळी हवा जाते. म्हणून आपल्याकडे ७८ जास्त असतील, तर दहा इंचाची वेगळी नळी मिळते का, हे आधी विचारावे. सात इंची ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्यांसाठीही तेच.

दुसरे म्हणजे थाळी फिरवणाऱ्या मोटरचा जोर. ओल्या तबकडीवर ब्रश दाबला की थाळी थांबता कामा नये. थाळी दोन्ही दिशांना फिरणारी असेल तर उत्तम, कारण मळ खाचेत तिरका बसलेला असतो आणि उलट दिशेने ब्रश फिरवल्यावर सुटतो. तिसरे, मखमलीच्या पट्ट्या बदलता येतात का आणि त्या पुढे मिळत राहतील का. चौथे, मळके पाणी साठवणारी टाकी रिकामी करायला सोपी हवी. तुंबलेली टाकी म्हणजे मोटरमध्ये पाणी. पाचवे, लेबल झाकणारी चकती किंवा दाबणी. लेबल भिजले की त्यावरचा नंबर जातो आणि नंबर गेला की ती रेकॉर्ड कोणती हे शोधणेही कठीण. सहावे, अमेरिकेतून कुणी आणून देणार असेल तर व्होल्टेज पाहावे. तिकडे ११०-१२० व्होल्ट, ६० सायकल. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० सायकल. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, सायकल बदलत नाही. आणि आवाज! ही यंत्रे घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरइतकाच गोंगाट करतात, तेव्हा दुपारी शेजारी झोपलेले असताना ती लावू नयेत.

हाताने करण्याची आवड असेल, तर घरीही जमते. बंद पडलेल्या प्लेअरची थाळी, पीव्हीसीच्या नळीला पाडलेली दोन मिलिमीटरच्या आसपासची चीर, तिच्या कडांना शिंप्याकडची मखमल आणि मागे व्हॅक्यूम क्लीनर. मात्र क्लीनर ओले-कोरडे दोन्ही ओढणारा हवा. साध्या क्लीनरमध्ये पाणी गेले तर शॉक बसण्याचा धोका आहे. अर्थिंग तपासल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

वापरताना

तबकडी ओळखणे ही पहिली पायरी. दहा इंचाची असून एलपीपेक्षा जड वाटत असेल, वाकत नसेल आणि लेबलवर ७८ असेल, तर ती लाखेची समजावी. बोटाने किनार चाचपून तडा आहे का पाहावे. तडा असेल तर व्हॅक्यूम लावू नये, हाताने हलकेच साफ करावी. काही जुन्या कोलंबिया तबकड्या थरांच्या असतात, आत कागद असतो. त्यांच्या किनारीला पाणी लागू देऊ नये. मग मऊ ब्रशने वरची सुटी धूळ झाडावी, नाहीतर तीच ओली होऊन चिखल होतो.

पाणी डिस्टिल्डच हवे. लखनौच्या बोअरचे पाणी जड आहे, हे आपल्या बादल्या आणि गीझर रोज सांगतात. तोच पांढरा क्षार खाचेत बसेल. त्यात साबणाचा अंश अगदी थोडा हवा. फोटोच्या डार्करूममध्ये वापरत ते वेटिंग एजंट मिळाले, तर लिटरला काही थेंब पुरतात. भांडी घासायचा साबण किंवा शाम्पू नको. त्यातले सुगंध आणि तेलकट पदार्थ मागे राहतात. विनाइलसाठी काही जण त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. तेही पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे आणि ७८ ला तर एक थेंबही नको. बाजारातल्या तयार बाटलीवरही हे वाचून घ्यावे.

बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चहाचा चमचाभर द्रव पुरतो. तो पसरून ब्रश खाचेच्या दिशेने फिरवावा, आडवा नाही. बुरशी असेल तर मिनिटभर थांबावे, पण लाखेची तबकडी फार वेळ ओली ठेवू नये. मग नळी टेकवून दोन-तीन फेरे. पृष्ठभाग कोरडा झाला की लगेच थांबावे. कोरड्या तबकडीवर मखमल फिरत राहिली, तर स्थिर वीज पुन्हा तयार होते आणि केलेले काम वाया जाते. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा धुऊन पुन्हा ओढावे. ही दुसरी धुलाई बहुतेक जण टाळतात, पण सुटलेल्या मळाचा आणि साबणाचा शेवटचा अंश तीच काढते. दुसरी बाजू करण्याआधी थाळी पुसावी, नाहीतर पहिल्या बाजूचा मळ धुतलेल्या बाजूला लागतो. पंधरा मिनिटे उभी वाळवून मग नव्या पाकिटात ठेवावी. जुने बुरसटलेले पाकीट तबकडीला घालू नये. त्यावर काही लिहिलेले असेल तर ते वेगळे जपून ठेवावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यंत्र ओरखडा बुजवत नाही. पोलादी सुईने झिजून राखाडी पडलेली खाच पुन्हा काळी होत नाही. पण जी खरखर आपण झीज समजतो, तिच्यातला मोठा भाग मळाचा निघतो, आणि ते धुतल्यावरच कळते. आजकाल रेकॉर्ड संगणकावर उतरवून सॉफ्टवेअरने खरखर काढतात. तो उपाय शेवटचा असावा. सॉफ्टवेअरला मळ आणि तानपुरा यांतला फरक नेमका कळतोच असे नाही. खरखरीबरोबर तानपुऱ्याचा झंकारही खरवडला जातो. आधी धुवावे, मग वाजवावे, मग उतरवावे, हाच क्रम योग्य.

आपल्या मंडळापुढे

आता मूळ प्रश्न : प्रत्येकाने मशीन घ्यावे का? माझे मत, नाही. घरात पंचवीस-तीस तबकड्या असतील तर त्या एकदा धुऊन, नव्या पाकिटांत घालून ठेवल्या की वर्षानुवर्षे पुन्हा धुवाव्या लागत नाहीत. एका घरासाठी हे यंत्र वर्षातून दोन दिवसांचे काम करील. पण पन्नास घरांसाठी ते एकच यंत्र पुरेसे आहे. आपल्या मंडळाच्या कपाटात समया आहेत, सतरंज्या आहेत, ताशे आहेत. घरोघरी एकेक घेण्याऐवजी आपण ते एकत्र घेतले. त्याच कपाटात दोन नळ्यांचे एक साधे यंत्र आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन ठेवता येईल. ज्याच्याकडे पेटी आहे त्याने ती आणावी. लेबलवरचे नाव आणि नंबर वहीत उतरवून घ्यावेत. धुलाई सर्वांनी मिळून करावी आणि तबकडी ज्याची त्याला परत द्यावी. नोंदवही मात्र मंडळाकडे राहावी. लखनौच्या मराठी घरांत कोणते आवाज शिल्लक आहेत, याची अशी यादी निदान माझ्या पाहण्यात नाही.

भातखंड्यांनी या शहरात येऊन दुसऱ्यांच्या घरातल्या बंदिशी जपल्या. आपल्याला आपल्याच घरातल्या जपायच्या आहेत, आणि त्यासाठी गावोगाव हिंडायची गरज नाही. उत्सवानंतरच्या रविवारी दिवाण उघडून पाहावा. पेटी सापडली तर तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि कबाड्याला हाक मारण्याआधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक फोन करावा. तोपर्यंत त्या पुसू नयेत आणि त्यांच्यावर फुंकरही मारू नये, एवढीच विनंती.